दुर्रानीला टाळ्या

बळवंतरावांनी सुभेदार मल्हारींच्या कोटाचं टोक पकडलं आणि त्यांना खाली ओढलं.

"बसा, सुभेदार. बसा म्हणतो ना!"

सुभेदार ना उभे ना बसलेले, असे अधांतरी थांबले. समोर रिंगमध्ये शेराने त्यांच्या मुलाला, विलासला, कोपऱ्यातल्या खांबाला टेकवलं होतं आणि त्याच्या उघड्या छातीवर पंजा हाणला होता. तो आवाज अनाज मंडीच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, पत्र्याच्या शेडमध्ये असा घुमला की वरच्या तुळईवरची कबुतरं फडफडत बाहेर गेली. पुन्हा पंजा. पुन्हा. विलासच्या छातीवर बोटं उमटली, मग बोटांवर बोटं उमटली आणि शेवटी सगळी छातीच एका रंगाची झाली.

"त्यो मारतोय त्याला," सुभेदार म्हणाले. "खरंच मारतोय."

"छातीवर मारतात ते खरंच असतं. मोठ्ठा आवाज, कातडी लाल, आत काही नाही. संध्याकाळी बर्फ लावायचा, सकाळी ड्यूटीवर हजर."

"कशावरनं?"

"विलासनेच सांगितलंय मला."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, हे बळवंतरावांना लगेच कळलं. पोरगा जे बापाला सांगत नाही ते शेजाऱ्याला सांगतो, हे सुभेदारांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि पानिपतात, शेकडो माणसांत, कानावर येणं वेगळं. सुभेदार बसले. प्लास्टिकची खुर्ची करकरली.

बळवंतराव केंद्र सरकारच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले. माणूस समोर आला की त्याची जमा बाजू आणि खर्चाची बाजू त्यांच्या डोक्यात आपोआप मांडली जाई. बायकोचीही मांडून झाली होती, आणि तिनेही त्यांची मांडली असणार, म्हणून तो विषय घरात निघत नसे. निवृत्तीनंतर त्यांना एकच व्यसन लागलं, फ्रीस्टाइल कुस्त्यांचं. दिल्लीत द्वारकेतल्या सोसायटीच्या बागेत, थंडीच्या उन्हात, बाकावर बसून ते आणि गुणवंत तासन् तास पैलवानांचे हिशेब करत. गुणवंत म्हणजे कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसात आयुष्यभर त्यांच्या समोरच्या टेबलावर बसून त्यांच्याशी असहमत झालेले गृहस्थ. निवृत्तीनंतरही त्यांनी ती नोकरी सोडलेली नव्हती.

वाद असायचा 'महाबली' आणि 'तूफान' या दोन कंपन्यांचा. महाबली जुनी, पानिपत, कर्नाल, रोहतक अशा मंड्यांमधून रिंग ठोकत फिरणारी. तूफान नवी, महाबलीशीच भांडून बाहेर पडलेल्या एका पैलवानाने गुडगावात काढलेली, धूर आणि रंगीत दिवे असलेली.

"महाबलीत आहे कोण आता?" गुणवंत शेंगा सोलत म्हणायचे. "शेरा? अहो, त्याचे गुडघे गेले. दोरीवर चढताना बघा, जिना चढणाऱ्या आजोबांसारखा चढतो."

"गर्दी कुणाला बघायला येते? शेरालाच ना? बिल्कुल त्यालाच."

"गर्दी येते, मान्य. पण त्याच्या हातात उलटा टांगलेला माणूस मला आता बघवत नाही, यार."

"मग नका बघू. तुमच्या तूफानमधला धूर बघा."

सुभेदार मल्हारी शेजारच्या बाकावर पाठ करून बसत. मराठा पलटणीत असताना त्यांनी मातीतली कुस्ती गाजवलेली, छावणीत पोरगा चालायला लागला तेव्हाच त्याला आखाड्यात उतरवलेलं. त्या पोराने पलटण सोडून महाबली धरली, आणि महाबलीने त्याला काय केलं? दाढी चिकटवून, पगडी घालून 'दुर्रानी, काबूल का कसाई' केलं. पानिपतात खलनायक हवा होता आणि ताकदीचा गडी हाच होता. ठकूबाई, म्हणजे विलासची आई, त्या पगडीला नवऱ्याच्या नजरेआड इस्त्री करून देत. सुभेदारांनी दोन वर्षांत एकदाही मुलाची कुस्ती पाहिली नाही. घरात त्याच्याशी बोलत ते 'जेवलास का' आणि 'दार लावून घे' एवढंच.

मागच्या रविवारी बळवंतराव त्यांच्याकडे जेवायला होते, तेव्हा विलासने पान वाढून होईपर्यंत थांबून विषय काढला.

"बाबा, पुढच्या महिन्यापासून मी तूफानमध्ये. स्वतःच्या नावाने लढणार. पानिपतला दुर्रानीची शेवटची कुस्ती आहे. एकदा या ना बघायला."

"आपल्या घरातला पुरुष पानिपतावर पडला," सुभेदार ताकाच्या वाटीशी बोलले. "आन् माझा पोरगा त्याच गावात अब्दालीचा भाऊबंद हून नाचतो. त्ये बघायला येऊ?"

"पण बाबा, दुर्रानी तिथे दर वेळी हरतो. पानिपताचा बदला तर मीच घेतोय, एकट्याने."

सुभेदारांनी चेहरा आवळून धरला. पण ताक नाकात गेलं, ठसका लागला, आणि ठकूबाईंनी पाठीवर थापट्या मारेपर्यंत ते हसत आहेत की गुदमरत आहेत हे कळेना. येतो असं ते म्हणाले नाहीत. येत नाही असंही म्हणाले नाहीत.

जिन्यात विलासने बळवंतरावांना गाठलं.

"काका, त्यांना नीट समजावून आणा, नाहीतर मध्येच रिंगमध्ये चढतील. जाताना मला जोरात हरायचंय. कंपनी सोडणारा नेहमी पाठीवर पडूनच जातो, राहणाऱ्याचा मान वाढवून. तशी रीतच आहे."

"ठाऊक आहे रे. मला सांगतोस?"

"आणि काका…" तो कठड्यावरचा रंग नखाने खरवडत राहिला. "सगळी मंडी मला शिव्या घालणार. घालूच देत, तीच माझी कमाई. पण आपल्या माणसाची एक टाळी ऐकायची आहे, बस."

म्हणून पानिपतच्या गाडीत बळवंतरावांनी सुभेदारांची पूर्ण शिकवणी घेतली. खुर्ची मारतात ती चपट्या बाजूने, पाठीवर. रक्त येतं ते ब्लेडच्या तुकड्याने. तो मनगटाच्या पट्टीत लपवलेला असतो, पैलवान तोंड झाकून स्वतःच कपाळावर बारीक चीर देतो. आणि पंचाने डोक्यावर हातांची फुली केली, तर पूर्वी तिचा अर्थ होता खरी दुखापत. पण ते आता पब्लिकला कळलंय, म्हणून फुलीही खोटी करतात. फुली दिसली की समजायचं, आता खरी मजा.

सुभेदारांनी सगळं नव्या बंदुकीचे भाग पाठ करावेत तसं पाठ केलं.

एक गोष्ट मात्र बळवंतरावांनी सांगितली नाही. पंच पडलेल्या पैलवानाचा हात हातात घेतो आणि दाबतो. पैलवानाने उलट दाबला तर सगळं ठीक. ही खूण पब्लिकसाठी नसतेच. विलासने ती त्यांना विश्वासाने सांगितली होती, आणि त्यांनी ती गुणवंतांवर टाकायचा हुकमाचा पत्ता म्हणून राखून ठेवली होती.

"मार साले को!" पुढच्या रांगेतला जाडा माणूस ओरडला. "काबुल भेज इसको!"

शेराने लोखंडी खुर्ची उचलली होती. ती विलासच्या पाठीवर उतरली, पुन्हा उतरली, आणि तिसऱ्या वेळी तिची बैठक निखळून गर्दीत गेली. कुणीतरी चप्पल फेकली, ती विलासच्या कानाला लागली. पाण्याची भरलेली बाटली आली. पहिल्या रांगेतली एक म्हातारी दोरीपर्यंत चालत गेली आणि त्याच्यावर थुंकून, पदर सावरून, परत जागेवर येऊन बसली. विलास तोंडावर हात धरून दोरीला लटकला. हात काढला तेव्हा कपाळातून रक्त भुवयांवर, नाकावरून, चिकटवलेल्या दाढीत उतरत होतं.

बळवंतरावांनी कोट पुन्हा पकडायची तयारी ठेवली. पण सुभेदार ताठ बसून होते.

"ब्लेड," ते हळू आवाजात म्हणाले. "डाव्या मनगटाच्या पट्टीत. दिसला मला."

"शाब्बास."

"तुमच्या नजरेतनं सुटला असंल."

बळवंतरावांच्या नजरेतून तो सुटलाच होता. त्यांनी चष्मा पुसला.

शेराने विलासला डोक्यावर उचलून आपटलं. फळ्या दणाणल्या, धूळ उडाली, आणि सुभेदार पुढे झुकले.

"पडतो मात्र बेस. बघितलं का? सगळी पाठ एका टायमाला टेकवतो, हनुवटी छातीला, हात बाजूला. ह्ये कुनी शिकवलं माहितीय? छावणीत, गवताच्या गादीवर. त्याच्या आईनं बोलून बोलून माझा जीव खाल्ला हुता, पोराला कशाला आपटता म्हनून."

"मग सांगायचं की त्याला तसं."

"काय?"

"की बेस पडतो."

सुभेदारांनी कोटाचं बटण लावलं. तेवढ्यात विलासने उसळी घेऊन शेराच्या तोंडावर कोपर मारलं, शेराचा ओठ फुटला, आणि अख्खी मंडी एका गळ्याने दुर्रानीच्या आईबहिणीवर घसरली. पुढचा जाडा माणूस उभा राहून शिव्या देऊ लागला. सुभेदारांनी त्याच्या खांद्यावर बोटाने टकटक केलं.

"भाईसाब, बैठ जाओ. सब ड्रामा है," सुभेदार म्हणाले, आणि बळवंतरावांकडे बघून त्यांनी चक्क डोळा मारला.

आता शेवट यायचा होता. शेराने विलासला पोटाशी धरून उलटा उचलला. डोकं खाली, पाय पत्र्याकडे. हा शेराचा ठेवणीतला डाव. तो गुडघ्यांवर बसतो, उलटं डोकं त्याच्या मांड्यांच्या आत, जमिनीच्या वीतभर वर राहतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की मान मोडली. बळवंतरावांनी हा डाव गुणवंतांना बाकावर शेंगांची टरफलं मांडून समजावून दिला होता.

पब्लिक नावाने ओरडायला लागलं. शेरा, शेरा. शेराने त्याला धरून रिंगभर फिरवलं, चारही बाजूंना दाखवलं. रक्ताने आणि घामाने विलासचं अंग चकाकत होतं. शेरा मधोमध आला, पाय फाकवले. त्याचा उजवा गुडघा थरथरला.

तो बसला नाही. तो गुडघा खचला, आणि विलासचं डोकं आधी टेकलं.

आवाज झाला तो अगदी लहान. कपाटाचं दार मिटावं तेवढाच. इतका वेळ दणाणणाऱ्या शेडमध्ये तो कुणाला ऐकूही गेला नसेल. शेरा विलासच्या छातीवर आडवा पडला, पंचाने तीन मोजले, घंटा झाली, आणि मंडीने पानिपत जिंकलं. लोक खुर्च्यांवर चढून नाचू लागले.

विलास उठला नाही. पंच गुडघे टेकून त्याच्याजवळ बसला आणि त्याने त्याचा हात हातात घेतला.

बळवंतराव त्या हाताकडे बघत राहिले. पंचाने दाबला. विलासची बोटं उघडी होती, उघडीच राहिली. पंचाने दुसरा हात लावून पुन्हा दाबला. मग तो उभा राहिला, पडद्याच्या दिशेने वळला आणि त्याने डोक्यावर हातांची फुली केली.

"फुली!" सुभेदार ताडकन उठले. "बळवंतराव, फुली! तुमी म्हणला तस्सं!"

या वेळी कोटाला कुणी हात लावला नाही.

"नाटक बंद कर बे!" जाडा माणूस ओरडला. "उठ, कसाई!" चारही बाजूंनी हुर्यो उठली. शेंगांची टरफलं, कागदाचे बोळे, आणखी एक चप्पल. शेरा दोरी धरून गुडघ्यावर बसला होता. जिंकलेल्याने हात वर करायचा असतो, हे तो विसरला होता. पडद्यामागून दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धावत आली. त्यांच्या अंगावर घरचे स्वेटर होते, आणि एकाच्या पायात चपला नव्हत्या.

सुभेदार टाळ्या वाजवत होते. पैलवानाचे रुंद तळवे, फटाफट वाजत होते. "वा रं पठ्ठ्या! वा!" दुर्रानीसाठी त्या शेडमध्ये आजवर कुणी टाळी वाजवली नव्हती, त्यामुळे आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. सुभेदारांना पर्वा नव्हती. त्यांचा चेहरा ताक नाकात गेलं होतं त्या दिवसासारखा लाल झाला होता.

विलासचं तोंड याच बाजूला होतं. दाढी अर्धी निघून गालावर लोंबत होती. खाली ठेवलेल्या कपड्यासारखं सगळं अंग पडलं होतं. हलत होते ते फक्त डोळे. ते खुर्च्यांवरून, रांगांवरून शोधत शोधत आले आणि थांबले.

"बळवंतराव, बसून काय राहिलाय? वाजवा की! पोरगं बघतंय इकडं!"

स्वेटरवाली माणसं दोरीखालून आत शिरली होती. त्यांना स्ट्रेचर उलगडायला जेवढा वेळ लागेल, तेवढाच वेळ टाळीला उरला होता. सुभेदारांना सांगायची गोष्ट त्यानंतरही तीच राहणार होती, कमी होणार नव्हती.

बळवंतराव उठले. पहिली टाळी नीट वाजली नाही. दुसरी वाजली.