पाठीमागची फुलपाखरं

फुलपाखरं मोजायला माझ्यासारखं हट्टी माणूस लागतं. वाळवंटातल्या धैद गावाच्या शेतांमागे एक सरळसोट कच्चा रस्ता आहे. एका बाजूला लसूणघास, दुसऱ्या बाजूला वाळू आणि रुईची झुडपं. दर शनिवारी सकाळी मी तिथून सावकाश चालते आणि कुठली किती दिसली ते आमच्या नेचर ग्रुपला कळवते. नियम एकच, समोर दिसेल तेवढंच मोजायचं. मागे वळायचं नाही, नाहीतर एकच फुलपाखरू दोनदा मोजलं जातं. माझा नवरा डॅरिल म्हणायचा, "कॅमिला, हा नियम तुझ्यासाठीच केलाय." तो आता वसईला, आजारी आईपाशी. आमच्या मुलीची, जोआनाची शाळा मध्येच तुटू नये म्हणून मी इथे आखातातच, अल मजाजच्या फ्लॅटमध्ये राहिले. शाळा संपली, आणि येत्या मंगळवारी ती शिकायला डब्लिनला निघाली होती.

ऑफिसात मी केक वाटला, छाती फुगवून सांगितलं. घरी तिच्या उघड्या बॅगा दिसल्या की जीव कासावीस व्हायचा. मला तिला एवढंच सांगायचं होतं, एक वर्ष थांब. पण तिच्या तोंडाकडे बघून ते निघेना. ती हसली असती किंवा रडली असती, आणि दोन्ही मला झेपलं नसतं. म्हणून शनिवारी तिला बळेच सोबत आणलं. पाठमोरं राहून बोलणं सोपं.

गाडी रस्त्याच्या तोंडाशी लावली.

"ममा, हाऊ लाँग?" जोआनाने विचारलं.

"तासभर. यल्ला, चल उतर. माझ्या मागून चाल, पाय आपटू नकोस आणि बडबड अजिबात नको. उडून जातात ती."

"ओके, ओके. आय वोन्ट स्केअर युवर बेबीज."

रुईवर दोन प्लेन टायगर होते, नारिंगी पंखांना काळी किनार असलेले. लसूणघासावर निळी, नखाएवढी फुलपाखरं भिरभिरत होती. ती मोजून झाली आणि पुढे नुसती वाळू आली. मी चालतच बोलायला लागले.

"जो, आता मध्ये बोलू नकोस. मला एकटीला राहायची भीती वाटते. संध्याकाळी दार उघडल्यावर घरात कोणी नसेल, हे मला सहन होणार नाही. एक वर्ष थांब. इथेच कॉलेज कर. मग जा, मी स्वतः सोडायला येईन."

ती काही बोलली नाही. मला बरं वाटलं. पोरगी ऐकतेय, विचार करतेय. मग मी आणखीही बोलले, हातवारे करत, आयुष्यात कोणाशी बोलले नव्हते तेवढं. चुकून एखादं फुलपाखरू समोरून गेलं असेल, तर ते राहिलंच मोजायचं.

रस्ता पाण्याच्या टाकीपाशी संपतो. तिथे मी वळले. मागे रस्ता रिकामा होता. दूर गाडी दिसत होती. फोनवर तिचा मेसेज होता, बराच आधी आलेला. बुटात वाळू गेली, गाडीत बसते, तुझी फुलपाखरं उडतील म्हणून हाक मारली नाही.

परत येताना मी काहीच मोजलं नाही.

गाडीत एसी चालू होता. जोआनाने पाण्याची बाटली पुढे केली.

"ममा, यू वेअर टॉकिंग? आय सॉ युवर हँड्स."

आता ती समोर होती, माझ्याकडे बघत. दोन वाक्यांचं तर काम होतं.

"मोजत होते," मी म्हणाले.

तिने बाटली परत घेतली, झाकण लावलं, आणि जरा थांबून विचारलं, "यू विल बी फाइन, नो? व्हेन आय गो?"

"मला काय धाड भरलीय? पट्टा लाव."

"गुड," ती म्हणाली आणि सुटकेचा निःश्वास सोडला. तिला ते पटलं होतं.