मालकाचे आभार

बॉम्बच्या कारखान्यात पैसा गुंतवणाऱ्या कंपनीचा संगीत महोत्सव आम्ही बहीणभावाने नाकारला, तसा या क्लबच्या मॅनेजरचा स्वतःहून फोन आला. "बहिष्काराचा कार्यक्रम आमच्याकडे करा, ताई. आम्ही तुमच्याच बाजूचे." इतकं गोड कुणी बोललं की माझ्या मनात पाल चुकचुकते.

दादा स्टेजवर ड्रम लावत होता. "तुला सगळ्यांचाच संशय," तो म्हणाला. "वर्षभराने काम मिळालंय. गप गा."

लोक येऊन बसले होते. मी मॅनेजरला विचारलं, "शेवटी आम्ही मालकाचे आभार मानतो. कुणाचं नाव घेऊ?"

"क्लबचं घ्या ना."

"क्लबला पोसतं कोण?"

"मालकांना प्रसिद्धी आवडत नाही हो."

"दारू विकतात आणि प्रसिद्धी नको?" ड्रम लावता लावता थांबून दादाने विचारलं. "साहेब, नाव सांगा."

मॅनेजरने आवाज खाली आणला. "तेच, महोत्सववाले. अहो, लोकांचा रागसुद्धा तिकीट काढूनच येतो. फक्त स्टेजवरून बोलू नका."

दादा ड्रम सोडवायला लागला. मी माइक चालू केला, मालकाचं नाव खणखणीत घेतलं, आभार मानले आणि दादाला सामान उचलायला हात दिला.