दोन मतांचं घर

निवडणूक कुठलीही असो, गावाला निकाल आधीच पाठ असायचा. सगळं गाव डेअरीच्या चेअरमनांच्या पक्षाला आणि दोन मतं दुसरीकडे. ती दोन कुणाची, हे शेंबडं पोरसुद्धा सांगायचं: टेलरकाका आणि टेलरकाकू.

काका माणूस साधा, पण मताला चिवट. मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर आपल्या पक्षाचं टेबल टाकून एकटेच बसायचे. समोर चेअरमनांच्या मांडवात ही गर्दी.

“काका, तुमचा पक्ष सायकलवर डबलसीट मावतो की हो!” कुणीतरी ओरडायचं.

“मावतो ना? मग कुणाला खाली उतरायला नको,” काका म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

दुपारी काकू डबा घेऊन जायच्या आणि त्याच टेबलाशी जेवायच्या. राजकारणातलं त्यांना फारसं कळत नव्हतं. गाव एकीकडे आणि आपला माणूस एकीकडे, तेव्हा आपण कुठे उभं राहायचं एवढं मात्र पक्कं कळत होतं.

मग काका गेले. छातीत कळ आली तेव्हा चेअरमनांनी स्वतःची गाडी दिली, ड्रायव्हर दिला. काकू मागून दुसऱ्या गाडीने निघाल्या. पण तालुक्याच्या दवाखान्यात पोचल्यावर उपयोग झाला नाही. पुढे चेअरमनांच्या घरून कितीतरी दिवस जेवण आलं. गळकं छप्पर माणसं लावून नीट करून दिलं. मताबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. उलट कुणी काही मागितलं असतं तर काकूंना सोपं गेलं असतं. नाही म्हणता आलं असतं.

त्यानंतर निवडणूक आली. शाळेबाहेर काकांच्या जागी कुणाची तरी मोटारसायकल उभी होती. रांगेतल्या बायका सरकल्या. “या काकू, इथे सावलीत या,” म्हणाल्या. कुणी टोमणा मारला नाही. आत यंत्रासमोर काकूंचं बोट सवयीने जुन्या बटणाकडे गेलं आणि तिथेच अडलं. आता हे कुणासाठी? ज्याला सोबत करायची तो तर राहिला नाही. एकटीने वेगळं राहायचं बळ आपल्यात कुठून आणायचं? बोट वर, चेअरमनांच्या बटणावर सरकलं. यंत्राने लांबलचक शिट्टी दिली. बाहेर आल्यावर काकूंना डोक्यावरचा भारा उतरवल्यासारखं हलकं वाटलं. घरी येऊन त्या पोटभर रडल्या.

निकालाच्या दिवशी त्या दळण घेऊन गिरणीत गेल्या. गिरणीवाला मोबाइलवर आपल्या केंद्राचे आकडे मोठ्याने वाचत होता. चेअरमनांचा आकडा झाला. काकूंनी नजर खाली घातली. आता शून्य म्हणेल.

“आणि तिकडे… दोन!”

गिरणीत हशा पिकला. “काकू, काकांचंही टाकून आलात की काय?”

काकूही हसल्या. हसावंच लागलं. डबा काखोटीला मारून घरी कशा आल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. दोन. म्हणजे गावात अशी दोन माणसं होती आणि त्यांतल्या त्या नव्हत्या.

पुढचे काही दिवस त्या येणाऱ्या-जाणाऱ्याचं तोंड न्याहाळत राहिल्या. काकांचं शिवणकाम आता त्याच बघायच्या; मापं घेताना, बटणं लावताना एकच विचार: हा असेल? ही असेल? विचारायची सोय नव्हती. विचारलं की आपलं पितळ उघडं.

एका संध्याकाळी चेअरमनांचा ड्रायव्हर नवी पँट घेऊन आला. “उंची कमी करायचीय, काकू.” माप देऊन झालं तरी तो जाईना. दाराकडे एकदा बघून हळूच म्हणाला, “दुसरं मत माझं होतं.”

काकूंनी टेप खाली ठेवली.

“काकांना घेऊन निघालो तेव्हा तुम्ही मागच्या गाडीत होता ना? काका वाटभर बोलत होते. म्हणाले, मी गेलो तर हिचं एकटीचं मत उरेल, लोक हसतील तिला. माझ्या डोक्यातून ते जाईना. चेअरमनांचं मीठ खातो मी, त्यांना कळलं तर नोकरी जाईल. पण म्हटलं, एवढं तरी करावं.” तो मोकळं हसला. “तुम्ही एकट्या नाही, काकू. एवढंच सांगायचं होतं.”

काकूंच्या ओठांवर आलं होतं, अरे, पहिलं मत माझं नव्हतंच. पण त्याच्या तोंडाकडे बघून धीर झाला नाही. एवढा जीव मुठीत धरून त्याने जे केलं, ते कुणासाठी केलं म्हणून त्याला सांगायचं?

“चहा टाकते,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“नको, साहेब वाट बघतायत.”

तो गेला. काकूंना राहवेना. त्या तशाच दारात धावल्या, त्याला हाक मारायला. पण तो रस्ता ओलांडून गाडीत बसला होता. त्यांनी हात वर केला. ‘थांब’ म्हणायचं होतं. त्याला वाटलं, काकू निरोप देताहेत. त्यानेही काचेतून हात हलवला आणि गाडी सुरू केली.

 काकूंनी आत येऊन त्याची पँट उसवायला घेतली.