पाचव्या प्रकरणातली आई

सातवीला भाषा शिकवणाऱ्या सरांना मुलं पाठीमागे ‘पूर्णविराम’ म्हणत. समोर म्हणायची कोणाची छाती नव्हती. सर थोडं बोलायचे आणि बोलून झालं की ओठ असे मिटायचे, की शंका विचारणाऱ्याला आपणच काही गुन्हा करतोय असं वाटावं. कादंबरी शिकवायची त्यांची पद्धत वर्षानुवर्षं एकच होती. प्रकरण वाचायचं, कठीण शब्दांचे अर्थ द्यायचे, ‘कोण कोणास म्हणाले’ उतरवून द्यायचं, की ते प्रकरण निकालात. मुलं पास होत. कादंबरी आवडली का, असं विचारण्याचा आगाऊपणा सरांनी कधी केला नाही आणि मुलांनी आपणहून सांगण्याचा केला नाही.

या सुखी संसारात मोठ्या बाईंनी माती कालवली. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्या कसल्याशा शिबिराला गेल्या आणि येताना ‘सर्जनशील उपक्रम’ घेऊन आल्या. यापुढे कादंबरी वाचायची नाही, अनुभवायची, असं त्यांनी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं. झालं! सहावीने बुटांच्या खोक्यांत प्रकरणं उभी करायला घेतली आणि अर्ध्या गावाचे बूट उघड्यावर आले. आठवीने नायकाचं वर्तमानपत्र काढलं. त्यात नायकापेक्षा जाहिराती जास्त होत्या. चित्रकलेच्या बाईंनी डिंकाची बाटली कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली.

सरांनी सगळ्यात कमी पसाऱ्याचा उपक्रम निवडला. त्याला डिंक लागत नव्हता, कात्री लागत नव्हती. फक्त एक खुर्ची लागायची. एकाने कादंबरीतलं पात्र होऊन फळ्यापुढच्या खुर्चीत बसायचं, वर्गाने प्रश्न विचारायचे आणि त्याने त्या पात्राच्या तोंडून उत्तरं द्यायची. दोन तासिकांत आटपेल, असा सरांचा हिशेब होता.

कादंबरी होती एका होडीवाल्याच्या मुलाची. पहिल्याच दिवशी होडीवाला म्हणून एक जाडगेला मुलगा खुर्चीत बसला. वर्गात एक मुलगा होता, प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायचा म्हणून त्याला ‘वकील’ म्हणत. त्याने विचारलं, “काय हो, तुम्ही पोराला सारखे का मारता?”

जाडगेल्याने बराच वेळ डोकं खाजवलं. मग म्हणाला, “तो पाण्याजवळ गेला की मला भीती वाटते. भीती वाटली की हात उठतो.”

सरांनी आपल्या जुन्या टिपणात पाहिलं. तिथे ‘होडीवाला : तापट, व्यसनी’ एवढंच होतं. त्यांनी टिपण हळूच टेबलाच्या खणात सरकवलं.

मग पाचवं प्रकरण आलं. होडीवाल्याची बायको, म्हणजे नायकाची आई, याच प्रकरणात संपते. शेवटच्या ओळी अशा : ‘सकाळ झाली. आई गेली.’ त्यानंतर पुस्तकात तिचं नाव नाही. सर दरवर्षी उत्तर उतरवून देत, ‘आईच्या निधनाने नायक पोरका झाला.’ दरवर्षी मुलं ते उतरवून घेत.

वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे ‘कुलूप’ म्हणत, कारण ती बोलायचीच नाही. ती आत्याकडे राहायची. वडील दूर नोकरीला. आईबद्दल शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं की, तिची आई गेली. म्हणून सरांनी आपल्या परीने मोठ्या मनाचा बेत आखला. आईला खुर्चीत बसवायच्या तासाला त्यांनी कुलपाला हाक मारली.

“अगं, ग्रंथालयात जा आणि जरा शब्दकोश घेऊन ये. मोठा. सावकाश आण, घाई नाही.”

ती उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली. मग वळून फळ्यापुढे आली आणि सरळ खुर्चीत बसली.

“मी आई होते,” ती म्हणाली.

तिचा आवाज कित्येकांनी पहिल्यांदाच ऐकला. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. तिला उठवावं तर वाईट, न उठवावं तर त्याहून वाईट. ते तसेच उभे राहिले.

वकिलाला कुठला धीर! “तू कशाने वारलीस?”

“मी वारले नाही. मी गेले.”

“म्हणजे तेच ना!”

“तेच नाही.”

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. सरांनी नुसतं तिकडे पाहिलं. हसणं जागच्या जागी विझलं.

“बरं, मग कुठे गेलीस?” जाडगेल्याने विचारलं.

“होडीत बसून. पलीकडे.”

“पोराला का नाही नेलंस?”

तिने तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. खुर्चीच्या कडा तिने दोन्ही हातांनी धरल्या होत्या. मग तिने सरांकडे पाहिलं.

“सर, ते मला नाही माहीत,” ती म्हणाली. “मला वाटलं, खुर्चीत बसलं की कळेल.”

वकिलाने वर केलेला हात खाली घेतला. घंटा झाली तेव्हा मुलं पाय न वाजवता बाहेर पडली.

ती मात्र थांबली. सर टेबलावरचे खडू उगाच डबीत भरत होते.

“तुला कसं वाटलं गं, की ती मेली नाही म्हणून?” त्यांनी खडूंकडेच बघत विचारलं.

“सर, आमच्या घरी आजोबा वारले. सगळे म्हणतात, आजोबा वारले. शेजारच्या काकू वारल्या. आईला मात्र कोणी कधी वारली म्हणत नाही. नुसतं, गेली. मी आत्याच्या तोंडून ‘वारली’ हा शब्द निघतो का, याची किती वाट पाहिली. नाही निघत.”

सरांनी भाषा शिकवण्यात जन्म घालवला होता. एका साध्या क्रियापदाच्या आधारावर एवढे दिवस काढणारं पोर त्यांच्या वर्गात बसलं होतं आणि त्यांनी तिला शब्दकोश आणायला धाडलं होतं.

संध्याकाळी घरी त्यांनी चहा टाकला. सवयीने कप दोन काढले आणि एक परत ठेवला. त्यांची बायको जाऊन बरेच दिवस झाले होते. ती आजाराने, दवाखान्यात, त्यांच्या डोळ्यांदेखत वारली होती. त्यात शंकेला जागा नव्हती. तरी दूधवाल्याने विचारलं तेव्हा सर म्हणाले होते, “त्या गेल्या.” दूधवाला नवा होता. “परत कधी येणार? दूध तेवढंच ठेवू?” असं त्याने विचारलं. सर म्हणाले, “ठेवा.” पुढे महिनाभर ते दूध नासत राहिलं. ‘वारली’ हा शब्द त्यांच्याही जिभेवर अजून आलेला नव्हता. शब्द तोच, पण आपण तो दार नुसतं लोटून ठेवायला वापरला आणि त्या पोरीच्या घरी दाराला कडी घालायला, असं त्यांच्या मनात आलं. चहा गार झाला.

दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधीच आत्या आली. बाई मनाने वाईट नव्हती. दिवसभर शिवणयंत्रावर बसून पाठीला बाक आलेला, ब्लाउजला दोन-चार टाचण्या अडकवलेल्याच. मोठ्या बाईंच्या खोलीत ती उभीच राहिली. सरांनाही बोलावणं आलं.

“सर, काल पोरगी जेवली नाही. ‘आई कुठे आहे?’ एवढं एकच धरून बसलीय. हे तुमच्या खुर्चीचं काम.”

“आपण तिला काय सांगितलं होतं?” सरांनी विचारलं.

“खोटं एक अक्षर नाही सांगितलं! गेली म्हणालो. लोकांनी डोळे पुसले, त्याला आम्ही काय करणार?” आत्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “नवरा असताना, पोर असताना बाई निघून गेली, हे कुठल्या तोंडाने सांगू? मेलेल्या बाईच्या पोरीला लोक जवळ घेतात, सर. पळालेल्या बाईच्या पोरीकडे कसे बघतात, ठाऊक आहे तुम्हाला?”

तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

“माझ्यावर एक उपकार करा,” आत्या म्हणाली. “तुमच्या पुस्तकातली ती बाई मारून टाका. वर्गात सांगा, ती मेली, विषय संपला. तुमच्या शब्दाबाहेर नाही ती. पुस्तकातली मेली की मनातलीही मरेल हळूहळू.”

मोठ्या बाईंनी सुटकेचा श्वास टाकला. “उत्तरसूचीत निधनच आहे, सर. एक वाक्य बोलायचं. आणि उपक्रम आता… आपण खोकीच करू या.”

“आत्याबाई, तुम्ही चला वर्गात,” सर म्हणाले. “मी काय सांगतो ते ऐका तरी.”

आत्या वर्गाच्या दारात उभी राहिली, आत आली नाही. मुलांनी एकमेकांना कोपराने ढोसलं. कुलूप खाली मान घालून बसली होती.

सरांनी पुस्तक उघडलं आणि ती ओळ मोठ्याने वाचली. त्यांना एवढंच म्हणायचं होतं, ‘आई मेली.’ दरवर्षी म्हणत होतेच. पोरगी मान वर करून त्यांच्या ओठांकडे बघायला लागली. आत्याच्या ओठांकडे बघते तशीच बघत असणार.

सर खुर्चीपाशी गेले आणि तिच्यात बसले.

“मी होडीवाल्याचा मुलगा,” ते म्हणाले. “विचारा.”

एरवी वर्ग हसून लोळला असता. टक्कल पडलेला, चष्मा लावलेला बारा वर्षांचा मुलगा! पण कोणी हसलं नाही.

कुलूप उठून उभी राहिली. “तुझी आई मेली का रे?”

“मला माहीत नाही,” सर म्हणाले. “मला कोणी सांगितलं नाही. आणि मी घाबरट. मी विचारलं नाही.”

“का?”

“विचारलं तर उत्तर मिळेल म्हणून.”

“मग आता विचार की.”

“कोणाला विचारू? बापाला विचारलं तर हात उठतो. पुस्तकात दुसरं कोणी उरलं नाही गं.” सरांनी चष्मा काढून हातात धरला. “पुस्तक लिहिणाऱ्याने माझ्यासाठी असा एकही माणूस ठेवला नाही, ज्याने तिला जाताना पाहिलं.”

मुलगी वळली. दारात उभ्या असलेल्या आत्याकडे तिने पाहिलं. सगळा वर्ग वळला. आत्याने पदर घट्ट धरला.

“आत्या, तू पाहिलंस?”

“घरी चल,” आत्या म्हणाली. “घरी बोलू.”

“तू घरी बोलत नाहीस.”

आत्या सरांकडे बघत राहिली, जणू तेच तिला अजूनही वाचवतील. सर खुर्चीत तसेच बसून होते. बाहेर मैदानावर कसलीतरी शिट्टी वाजली.

“तू झोपली होतीस,” आत्या शेवटी म्हणाली. तिने आवाज इतका खाली आणला, की मागच्या बाकावरची मुलं पुढे झुकली. “ती दारात चप्पल घालत होती. पट्टा लावायची, परत काढायची, परत लावायची. माझा संताप झाला. मीच म्हटलं, जायचं तर जा एकदाची, दार किती वेळ उघडं ठेवू?”

“मग?”

“मग गेली.”

मुलगी बाकांच्या मधून चालत दाराशी आली. आत्या रडत होती. मुलगी रडत नव्हती. ती आत्याच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

“चप्पल घालायला तिला किती वेळ लागला?” तिने विचारलं.

“बराच,” आत्या म्हणाली. “खूपच वेळ लागला गं तिला.”