अनादींचे कोरे फुगे

सकाळी साडेदहाला छापखान्यातून पहिला ताव वर आला आणि चित्रकार बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांच्या चित्रकथेतले अनादी, म्हणजे सृष्टीच्याही आधीपासून डोंगरात उभे असलेले देव, चक्क बोलत होते. इतकी वर्षं बाई त्यांच्या तोंडापुढे संवादाचा फुगा काढत आणि मुद्दाम कोरा ठेवत. माणसाला न पेलणारी त्यांची भाषा ती हीच.

"हे कुणाचे उद्योग?"

"माझे, ताई," नवा संपादक म्हणाला. "फुगे रिकामे दिसले. वाटलं, घाईत राहिले असतील, म्हणून भरून टाकले."

"आणि जगाच्या जन्माआधीचा देव म्हणतो काय, तर 'चला, निघूया'! बस चुकतेय का त्याची?"

"पण वाचकांना कळायला नको?"

"त्यांना कधीचंच कळलंय. तुम्हाला मात्र मला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही. छपाई थांबवा, नाहीतर माझं नाव काढा."

"ते मालक ठरवतील," म्हणत त्याने फोन लावला.

बाई तरातरा खाली गेल्या आणि छपाईचं यंत्र बंद करून त्याच्या बटणापुढेच खुर्ची टाकून बसल्या. दुपारी एकपर्यंत मालकांनी फोन उचललेला नव्हता आणि बाई जागच्या हललेल्या नव्हत्या.