तेजाबाचा बोळा

हिलालनानांचा चकाकीवर जन्मभराचा विश्वास. जळगावच्या कापडगिरणीत पत्रेकामाला लागण्याआधी वीस वर्षं त्यांनी गावोगाव भांड्यांना कल्हई केली होती. भांडं लखलखलं की कल्हई खरी, लगेच काळवंडलं की कथिलात शिसं मिसळलेलं. एवढं साधं शास्त्र. त्यामुळे अडतीस साली रंगखात्यातल्या नव्या लोखंडी पन्हळी दोन महिन्यांत राखेसारख्या करड्या पडल्या, तेव्हा नानांच्या मनात पाल चुकचुकली.

विजेच्या यंत्रांना जाणाऱ्या तारा या पन्हळींतून छतालगत नेल्या होत्या. आधीच्या कोऱ्या लोखंडाच्या पन्हळी वाफेनं वर्षभरात गंजल्या आणि त्यांचं तांबडं पाणी पांढऱ्या कापडावर टपकलं. म्हणून मुख्य मिस्तरी अभिमनभाऊंनी धुळ्याहून पितांबर नावाचा कारागीर आणून कामाला ठेवला. त्यानं गिरणीच्या आवारात जस्त वितळवून नव्या पन्हळी त्यात बुडवून काढल्या. घरचा कल्हईवाला असताना धुळ्याचा माणूस! नानांना ते तेव्हाच झोंबलं होतं, आणि झोंबलेल्या माणसाला संशय यायला कितीसा वेळ लागतो?

"पितांबर, हाई चमक कोठे गई?" त्यांनी विचारलं.

"नाना, जस्त म्हणजे कथील नही. ते असंच करडं पडस. तीच त्यानी ढाल शे. हात लावू नका."

हात लावू नका म्हणतो! म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. नानांनी दुपारच्या सुट्टीत शिडी लावली. आधी चिंच आणि राखेनं घासलं. कल्हईची पारख ते तशीच करत. थोडं उजळलं, पण मनासारखं नाही. मग रंगखात्यातल्या तेजाबात बोळा बुडवून त्यांनी पाच ठिकाणी हात-हातभर जागा खसाखसा पुसली. फसफसून फेस आला आणि खाली कोरं लोखंड दिसलं.

"बघा अभिमनभाऊ, नुसता मुलामा," नाना म्हणाले. तेजाबाचं नाव त्यांनी काढलं नाही. पारखायची रीतच ती, त्यात सांगायचं काय?

पितांबरनं घसा कोरडा पडेस्तोवर आपली बाजू मांडली. कुणी ऐकलं नाही. फसव्या म्हणून त्याला फाटकाबाहेर काढलं, आणि पुढे जळगावात काय, भुसावळातही कुणी त्याला काम देईना.

चार महिन्यांनी पांढऱ्या कापडावर पुन्हा तांबडे डाग पडले. अभिमनभाऊ वर बघत म्हणाले, "नाना, तुमची नजर पक्की. त्या भामट्यानं आपल्याला गंडवलंच."

नाना शिडीवर चढले. गंज पाचच ठिकाणी होता, हात-हातभर. बाकीची पन्हळ करडी आणि धडधाकट. तिथलं जस्त त्यांच्या तेजाबानंच खाल्लं होतं. एका भल्या कारागिराच्या तोंडचा घास त्यांनी काढून घेतला होता. गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. उलट शाबासकी मिळतच होती.

"अभिमनभाऊ," ते वरूनच म्हणाले, "पितांबरनं जस्त खरं व्हतं. गंज मना शे." तेजाबाचा बोळा आपणच फिरवला, हे त्यांनी तिथंच कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी चाळीसगावला गाडी बदलून ते धुळ्याला गेले. पितांबरनं दार अर्धंच उघडलं. नानांच्या चेहऱ्याकडे त्यानं पाहिलंच नाही. त्यांच्या हातांवर नजर ठेवून त्यानं विचारलं,

"आते काय तपासाले इतलं दूर उनात?"