अभिनंदनाचा कागद

मी एक कागद बोलतोय. जाड, गुळगुळीत, वर कॉलेजची मोहर असलेला. माझ्या कपाळावर मोठ्या अक्षरांत 'अभिनंदन!' छापलंय, आणि त्या शब्दाची मला चीड येते.

पेन्सिल्व्हेनियातल्या एका खासगी कॉलेजच्या कचेरीत माझा जन्म झाला. एका दुपारी यंत्रातून माझ्यासारखे नऊशे कागद भराभर बाहेर पडले. माझ्या वाट्याला नाव आलं कोरिन ह्राबोव्स्की. नावाखाली 'तुमची आर्थिक मदत' आणि त्याखाली तीन ओळी: सरकारी अनुदान, कॉलेजचं अनुदान, कर्ज. तिन्हींची बेरीज करून तळाशी ठळक आकडा, 'एकूण मदत'. कर्जाला मदत म्हणायचं! पण आम्हा कागदांना कोण विचारून छापतं?

कोरिनची आई रोक्सॅन इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालते. स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच तिनं माझं पाकीट फोडलं, तळाचा आकडा पाहिला आणि तिला रडूच फुटलं. "कोरिन! अगं, सगळं देतायत गं ते!"

कोरिननं मला हातात घेतलं. पोरगी पूल बांधायचं शिकायला निघालेली, बेरजेला फसणारी नव्हे. "आई, ही तिसरी ओळ वाच. साडेपाच हजार डॉलर. हे ते देत नाहीयेत, हे आपण फेडायचेत. व्याजासकट."

"मग त्याला मदत कशाला म्हणतात?"

"मला काय विचारतेस? त्यांना विचार."

रोक्सॅननं डोळे पुसले आणि मला घडी घालून पाकिटात ठेवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोरिनच्या गावात आगीचा बंब गावकरीच चालवतात. बंबाच्या हॉलमध्ये ईस्टरआधीच्या उपवासातल्या दर शुक्रवारी तळलेले मासे आणि बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या पिरोगी विकतात. त्या पैशातून दरवर्षी गावातल्या एका मुलाला शिष्यवृत्ती मिळते. तिथल्या स्वयंपाकघराची कारभारीण डार्ला पेट्रुस्को. वय बहात्तर. पिरोगींच्या कडा दाबून दाबून तिची बोटं वाकडी झालीत. मे महिन्यात तिनं कोरिनच्या हातात तीन हजारांचा चेक ठेवला. "घे पोरी. तुझा पूल पडला तर मात्र माझं नाव सांगू नकोस हं!"

सगळे हसले. आता कर्ज अडीच हजारांवर येणार, म्हणून रोक्सॅन सर्वांत जास्त हसली.

जुलैत कॉलेजकडून माझा धाकटा भाऊ, म्हणजे दुसरा कागद, आला. त्याच्याही कपाळावर 'अभिनंदन!' बंबाच्या हॉलचे तीन हजार त्यात जमा दाखवले होते आणि कॉलेजचं अनुदान बरोबर तीन हजारांनी उतरलं होतं. एकूण मदत तीच. कर्ज साडेपाच हजार, एक सेंटही कमी नाही. चुलीपुढे उभं राहून म्हाताऱ्यांनी मिळवलेला पैसा कॉलेजनं गिळला होता, आणि वर अभिनंदन!

दुसऱ्याच दिवशी कोरिन, रोक्सॅन आणि डार्ला आम्हा दोघा भावांना घेऊन कॉलेजच्या कचेरीत जाऊन थडकल्या. समोर व्हिटलॉक नावाचा तरुण अधिकारी, गोड बोलणारा. तो म्हणाला, "मॅडम, बाहेरून पैसे आले म्हणजे विद्यार्थिनीची गरज कमी झाली. तसा नियमच आहे."

डार्ला म्हणाली, "गरज कमी झाली तर कर्ज कमी कर की! स्वतःचं देणं कशाला कमी केलंस? आम्ही मासे तिच्यासाठी तळले, तुमच्यासाठी नाही."

त्यानं संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं, बोटं चालवली, आवाज खाली आणला. "ठीक आहे. या वेळी अपवाद करतो, कर्जातून कापतो. फक्त हे आपल्यातच राहू द्या."

रोक्सॅन पर्स उचलून उठली. डार्ला मात्र खुर्चीतून हलली नाही.

"आमचा चेक घेऊन याआधी गावची किती पोरं आली इथे?"

"ते मला सांगता येत नाही."

"मला येतं. तीन. त्यातला एक स्टीव्हन मिहालिक. त्यांच्याही अनुदानातूनच कापलंत ना?"

व्हिटलॉक खिडकीबाहेर बघू लागला. मी टेबलावर पडलो होतो, मला त्याचा चेहरा खालून दिसत होता. तो लाजला नव्हता, कंटाळला होता.

कोरिननं मला उचललं. "अपवाद मला लेखी द्या. आणि गप्प बसायचं मी कबूल केलेलं नाही, तेही ऐकून ठेवा."

त्यानं लिहून दिलं.

परतताना डार्लानं गाडी टायरच्या दुकानापाशी थांबवायला लावली. स्टीव्हन तिथे काम करतो. कॉलेजात असताना पैसे पुरेनात म्हणून तो रात्रपाळी करायचा, वर्गात पेंगायचा, आणि दुसऱ्याच वर्षी घरी परत आला. 'त्याला कॉलेज झेपलं नाही' हे गावानं ठरवूनच टाकलं होतं. डार्लानंही.

तिनं आम्हा दोघा भावांना त्याच्यापुढे धरलं. "तुलाही असे दोन आले होते का रे?"

त्यानं हात पुसले आणि आम्हाला सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचलं. "दोन आले होते. दुसरा मी नीट वाचलाच नाही. वर अभिनंदन लिहिलं होतं ना."

मग त्यानं आमच्या घड्या घालून आम्हाला परत दिलं. "म्हणजे मिसेस पेट्रुस्को, मी बिनडोक नव्हतो."

"नव्हतास रे बाळा," डार्ला म्हणाली आणि आपल्या वाकड्या बोटांत तिनं त्याचा हात धरला.

आता मी हॉलच्या भिंतीवर, काचेमागे आहे. कोरिन कॉलेजात शिकतेय. यंदापासून ज्याला चेक मिळेल त्याच्याबरोबर हॉलमधल्या दोघीजणी कचेरीत जाणार, असं ठरलंय. लेकरांनो, माझ्यासारखा कागद हाती आला तर पहिल्या ओळीवर हुरळू नका. शेवटपर्यंत वाचा आणि कळलं नाही तर भांडा.

स्टीव्हन एकोणतीस वर्षांचा आहे. अर्धवट सुटलेल्या त्या शिक्षणाचं कर्ज तो अजून दर महिन्याला फेडतोय. मला छापणारं ते यंत्र दरवर्षी नऊशे कागद ओकतं. पण स्टीव्हनची माफी मागणारा एकही कागद त्यातून अजून बाहेर पडलेला नाही.